गव्हाचं सोवळं

परवा संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधून चपाती भाजल्याचा वास आला आणि मी हातातली मेथी तशीच टाकून, दार उघडून बाहेर धावले. कुठं आग लागल्यासारखी. समोरच्या दारात नवीन भाडेकरूंची बाई केर काढत होती. तिनं विचारलं, "काय झालं काकू?" काय सांगणार? "काही नाही, वास छान येतोय," असं काहीतरी पुटपुटून मी आत आले. त्या घरात गव्हाचा कण न्यायला बंदी होती आणि मीही कित्येक वर्षं ती बंदी पाळली होती, हे तिला सांगून तिला काय कळणार होतं? बंदी घालणारा माणूस गेल्या श्रावणात गेला. त्याचा मुलगा एकटाच आला, दिवस केले, फ्लॅट भाड्यानं दिला आणि परत गेला.

त्या माणसाचं नाव बसगोंडा. आम्ही सगळे बसूअण्णा म्हणायचो.

बसूअण्णा आयुष्यभर साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटत आला की त्यात साखरेचा दाणा धरला का नाही हे ज्याच्या बोटांना कळतं, तो पॅनमन. निवृत्त होऊन कोल्हापुरात आले, पण बोटांची सवय काही निवृत्त झाली नाही. समोर येईल ती वस्तू ते अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धरून चोळायचे. दुकानातला रवा, दारातली रांगोळी, देवळातला अंगारा. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे माझ्या ओढणीवर नेहमी खडूची पूड असते. पहिल्या भेटीत जिन्यात उभं राहून त्यांनी ती पूड बोटांत धरली, चोळली आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "मऊ हाय. पन दाना न्हाई." मी तेव्हापासून त्यांच्याशी जपूनच वागायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

मी त्यांच्यापेक्षा बरीच लहान, तरी ते मला अक्का म्हणायचे. सीमेकडची माणसं. त्यांच्या बायकोचं, शांताकाकूंचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळे घरात भांडण मराठीत आणि समेट कानडीत व्हायचा. काकू होत्या तोवर अण्णांना चहात दूध आधी घालतात का साखर एवढंही माहीत नव्हतं. दिवाळीच्या आधी काकू पीठ, तूप, साखर आणि आपले पत्र्याचे डबे घेऊन मागच्या गल्लीतल्या बेकरीत जायच्या. आमच्याकडं सगळेच जातात. आपलं साहित्य, बेकरीवाल्याची भट्टी. बाकावर बसून राहायचं, म्हणजे आपल्या तुपातलं तूप दुसऱ्याच्या बिस्किटात जात नाही. काकूंचे डबे भरून घरी आले की जिन्यात वास दरवळायचा आणि मग प्रत्येक दारात एकेक ताटली पोचायची.

ती बिस्किटं खरं तर एकाच माणसासाठी असायची. ईरासाठी. ईरा म्हणजे अण्णांच्या मुलाची मुलगी. मुलगा बंगळूरला नोकरीत. मे महिन्यात ईरा इथं राहायला यायची आणि रोज सकाळी अज्जा आणि नात यांचा एक खेळ चालायचा. दुधाच्या पेल्यात बिस्कीट धरायचं, धरून ठेवायचं, आणि ते तुटून आत पडलं की ईरा ओरडायची, "बुडालं! बुडालं!" बुडालेलं बिस्कीट चमच्यानं काढून खायचं काम अज्जाचं. माझी झोप बऱ्याचदा त्या आरोळीनंच मोडायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. आज ती आरोळी ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

काकू गेल्या. आणि त्यानंतर वर्षभरातच ईराच्या पोटदुखीचं निदान झालं. तिच्या आतड्यांना गहू सोसत नव्हता. गहू, मैदा, रवा, सगळं बंद. थोडेथोडके दिवस नव्हे, जन्मभर. चिमूटभर पीठ चुकून पोटात गेलं तरी आतडी सुजतात, वाढ खुंटते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अण्णांनी हे फोनवर ऐकलं आणि माझ्या दारात येऊन उभे राहिले. "गव्हात काय वाईट हाय अक्का? मी जल्मभर खाल्लोय की." मी माझ्या परीनं समजावलं. त्यांना पटलं असं दिसलं नाही. मग हळूच म्हणाले, "पोरगी फोनवर म्हनतीया, अज्जा, मला आता बिस्कीट न्हाई."

तेवढ्या एका वाक्यावर त्या माणसानं पुढचं सगळं आयुष्य उभं केलं. ज्याला चहा येत नव्हता तो बिस्किटं करायला लागला.

पहिल्या खेपेला त्यांनी चंदगडहून ओळखीच्या माणसाकडून नाचणी मागवली. धुतली, भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, गच्चीवर वाळवली. चिमण्या हाकलायला स्वतः टोपी घालून उन्हात बसले. मग ती नाचणी घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत गेले. गिरणीत आधी कुणाचे तरी गहू झाले होते. आपल्याकडं गिरणीत हे असंच चालतं. आधीच्या माणसाचं थोडं पीठ जात्यात राहतं, आपलं थोडं पुढच्याकडं जातं. गव्हावर ज्वारी, ज्वारीवर तांदूळ. त्याचं कुणी कधी मनावर घेतलं नाही. अण्णांनीही घेतलं नाही. घरी येऊन त्यात तूप आणि गूळ घालून मळलं, काकूंच्या डब्यांत भरलं आणि त्याच बेकरीत भाजून आणलं. बाकावर बसून राहिले, आपल्या बिस्किटावर लक्ष ठेवून. नाचणीचीच आहेत ना, मग झालं.

मे महिन्यात मंडळी आली. ईरानं दुधात बिस्कीट धरलं. खूप दिवसांनी "बुडालं!" ऐकू आलं आणि मी चहा ओतताना एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची सून मेघा माझ्याकडं धावत आली, जवळचा डॉक्टर कोण म्हणून विचारायला. पोरगी उलट्या करून गळून गेली होती. पोट धरून कॉटवर मुटकुळं करून पडली होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले आणि मेघा स्वयंपाकघरात गेली. तिनं डबे बघितले, पीठ बघितलं. मेघा चांगली मुलगी. आवाज चढवणारी नव्हे. तिनं एवढंच विचारलं, "अण्णा, पीठ कुठून दळून आणलंत?"

"गिरणीतनं," अण्णा म्हणाले.

मेघानं कपाळाला हात लावला आणि परत ईराजवळ येऊन बसली. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांच्या बोटांना अजून थोडं पीठ लागलेलं होतं. ते बोटं चोळत होते, आणि बहुधा त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं की या पिठातला गहू त्यांच्या बोटांना कळणार नाही.

पोरगी बरी झाल्यावर मंडळी लगेच गेली. त्यानंतर आली ती सणावारी, एका दिवसापुरती. मेघा स्वतःचा डबा आणायची, स्वतःचं भांडं, ईराचा पेलासुद्धा. सासऱ्यांच्या पाया पडायची, हसून बोलायची, आणि त्या घरातलं पाणीही पोरीला द्यायची नाही. तिची काय चूक? मी आई असते तर मीही हेच केलं असतं. पण अण्णांकडं बघवायचं नाही. नातीनं आपल्या घरात बसून, आपल्या हातचं, न घाबरता खावं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती.

तिथून ते सोवळं सुरू झालं.

आधी त्यांनी घर धुवून काढलं. कपाटं, फडताळं, डब्यांच्या झाकणांच्या खाचा. गहू माझ्या मोलकरणीला दिले. चाळण दिली, परात दिली, तवा दिला. ज्याला म्हणून कधी कणीक लागली होती ते सगळं घराबाहेर गेलं. शेवटी काकूंचा पोळपाट आणि लाटणं राहिलं. सागवानी पोळपाट, मध्ये झिजून थोडा खोलगट झालेला. काकूंनी माहेरून आणलेला. लाकडाला भेगा असतात, भेगेत पीठ बसतं, ते धुवून निघत नाही, असं मेघानंच एकदा फोनवर सांगितलं होतं. अण्णा तो पोळपाट छातीशी धरून माझ्या दारात आले.

"अक्का, ह्यो तुमच्याकडं असू द्या."

"ठेवते की. कधी न्यायचाय?"

"न्यायचा न्हाई," ते म्हणाले. "वापरा. नुसता ठेवू नगासा. लाकूड वाळतंय." आणि पाठ फिरवून गेले. त्या दिवसापासून माझ्या चपात्या काकूंच्या पोळपाटावर होतात.

मग घरच्या घरी दळायला घरघंटी आली. छोटा ओव्हन आला. स्वयंपाकघराला अगदी कारखान्याची कळा आली. गुऱ्हाळात रसाच्या एका कढईला आदण म्हणतात, तसं अण्णा बिस्किटांच्या एकेका घाण्याला आदण म्हणायचे. "आजचं आदण बिघाडलं अक्का." बिघडायचंच. गव्हात जो चिकटपणा असतो तो नाचणीत कुठला? पहिली बिस्किटं हातात घेतली की भुगा. मग त्यांनी गूळ वाढवला, तर ती वितळून ओव्हनभर पसरली. मग भाजणं वाढवलं, तर अशी कडक झाली की मी म्हटलं, "अण्णा, माझी खिडकी वाऱ्यानं आपटते, दोन द्या, खाली अडकवायला." त्यांना राग नाही आला. एक बिस्कीट माझ्या कानाजवळ नेऊन काटकन मोडलं. "आवाज ऐका. आवाजात चूक हाय. लाकडाचा आवाज यायलाय."

"मग कसला यायला पाहिजे?"

"वाळक्या पानावर पाय पडल्यागत."

तो आवाज मिळवायला त्या माणसानं काय काय केलं. नाचणी तुपात मंद भाजून घेतली. जवस वाटून पाण्यात भिजवलं की त्याला चिकटाई येते, हे शोधलं. शाळू ज्वारीचं पीठ घातलं, राजगिरा घातला, शेंगदाण्याचा जाडसर कूट, तीळ, ठेचलेला खजूर. साखर मात्र एक दाणा नाही. मी डिवचायची, "काय अण्णा, आयुष्यभर साखर केलीत आणि आता तिच्याशीच भांडण?" त्यावर म्हणायचे, "तिला आतनं बगितलोय म्हनून तर!" गूळ ते थेट गुऱ्हाळातून आणायचे. तिथंही गुळव्याची उलटतपासणी. हात कुठं धुतलास, ढेप कशात बांधणार, गव्हाचं पोतं तर न्हाई न्हवं? एकदा मी बरोबर होते. गुळव्या वैतागून मला म्हणाला, "बाई, ह्यास्नी घरी न्या. ह्ये गूळ न्यायला आल्यात का पोरगी बगायला?"

एके दिवशी आवाज मिळाला. तपकिरी, काठाला थोडं तांबूस, वर तीळ. चित्रकलेच्या बाईला रंग आधी दिसतो. कुंभाराच्या ओल्या मडक्याचा रंग. तोंडात टाकल्यावर आधी तूप, मग भाजकी नाचणी आणि सगळ्यात शेवटी गूळ. मी दुसरं उचललं. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, "झालं तुमचं." ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ काकूंच्या फोटोकडं बघत राहिले.

पण खाणार कोण? मी एकटी किती खाणार? आणि बाकी कुणी त्या घरात येत नव्हतं. तीही एक कथाच आहे.

खालच्या मजल्यावरच्या जाधव वहिनी म्हणजे आमच्या बिल्डिंगचं अन्नछत्र. होळीला त्या पुरणपोळीचं ताट रुमालानं झाकून अण्णांच्या दारात आल्या. एकटा माणूस, सणाचं कोण करून घालणार, या मायेनं. अण्णा दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"वहिनी, आत आनू नगासा."

"का ओ? आमच्या पोळीला काय झालंय?"

"गहू हाय की त्यात."

"मग पोळी काय दगडाची करू?"

अण्णांनी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण अण्णांचं समजावणं म्हणजे ओरडणं. सगळ्या बिल्डिंगला वाटलं भांडण लागलंय. वहिनी ताट घेऊन तशाच खाली उतरल्या. सणाचं ताट दारातून परत आलं. आमच्याकडं यापेक्षा मोठा अपमान नाही. "ब्राह्मनाघरचं सोवळं ऐकलंतं, ह्यो गव्हाचं सोवळं पाळतोय," असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या आणि अण्णांना ते नाव कायमचं चिकटलं.

पुढं सत्यनारायणाला त्यांनी शिऱ्याचा प्रसाद हात जोडून नाकारला, तेव्हा तर म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच ठरलं. कारखान्यातले जुने सोबती दुपारी पत्ते खेळायला यायचे. येताना कागदात खारी बांधून आणायचे. ती खारी दाराबाहेर ठेवायला लागायची. बाहेर बादली, तांब्या आणि साबणाची वडी. हात कोपरापर्यंत धुवायचे, कपडे झटकायचे, मग आत. चहाबरोबर खारी नाही आणि पत्त्यांच्या आधी ही आंघोळ. हळूहळू कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाला ऊन सोसेना. पत्त्यांचा कॅट टीव्हीवर पडून राहिला.

मी एकदा चिडून म्हणाले, "अण्णा, ईरा वर्षातून एक दिवस येते. उरलेले दिवस माणसांना येऊ द्या की. ती येण्याआधी घर धुवा."

"आन् एकादा कन ऱ्हायला तर?"

"नाही राहत."

"मागल्या बारीला बी मला तसंच वाटलंतं," ते म्हणाले.

बरं, ते स्वतः बाहेर जाऊन खातील तर तेही नाही. मिसळ खायला गेले तर ब्रेडची ताटली हातानं लांब सारायचे. मालक ओळखीचा. "ब्रेड न्हाई तर मिसळ कशी खानार पावणं?" अण्णा म्हणाले, "चमच्यानं." आख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. मग मिसळही सुटली. तोंडात गेलं की हाताला लागलं, हाताला लागलं की घरात आलं, असा त्यांचा हिशेब. कोल्हापुरात राहून माणूस इतका एकटा पडू शकतो हे मी त्यांच्याकडं बघून शिकले. संध्याकाळी त्यांच्या घरघंटीची घरघर सुरू व्हायची आणि मला बरं वाटायचं. निदान काहीतरी चाललंय.

एकदा मी सुचवलं, बंगळूरला पाठवा ना पार्सल. पाठवलं. प्रत्येक बिस्कीट वेगळ्या कागदात गुंडाळून. आठवड्यानं मेघाचा फोन आला, मी तिथंच होते. "अण्णा, फार छान झाली होती हो." अण्णांनी विचारलं, "ईरानं खाल्ली?" मेघा खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "आम्ही दोघांनी खाल्ली, अण्णा." अण्णा म्हणाले, "बरं, बरं." परत पार्सल पाठवलं नाही.

मग एका हिवाळ्यात मंडळी आली. कोकणातून गगनबावड्याच्या घाटानं वर आली होती, संध्याकाळी बंगळूरला निघणार होती. ईरा आता उंच झाली होती, केस कापलेले, अज्जाच्या खांद्याला लागत होती. अण्णांनी मलाही बोलावून घेतलं, धीर म्हणून असेल. ते सुनेला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि एकेक डबा उघडून दाखवायला लागले. हे नाचणीचं, हे शाळूचं. ही घरघंटी, हिच्यात गहू कधी पडलाच नाही. हा ओव्हन. हे बाहेरचं पाणी, हा साबण. बोलता बोलता त्यांचा आवाज चक्क खाली आला होता. मेघा भिंतीवरची मोकळी खुंटी बघत राहिली, जिथं पूर्वी काकूंचा पोळपाट टांगलेला असायचा. तिचे डोळे भरून आले.

"अण्णा, हे सगळं... इतके दिवस?"

"त्यात काय हाय!" अण्णा म्हणाले.

मेघानं स्वतः डब्यातून बिस्कीट काढलं आणि ईराच्या हातात दिलं. "खा बाळा. मी सांगते. काही होणार नाही."

ईरानं ते हातात धरलं. वास घेतला. आम्ही तिघं मोठी माणसं तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती बिस्कीट ओठांपर्यंत घेऊन गेली आणि थांबली. मग तिनं ते हळूच बशीत ठेवलं.

"नको अज्जा. मला भीती वाटते."

मेघा काही बोलणार होती, अण्णांनी हात वर करून तिला थांबवलं. "व्हय की. दुखलंतं तुला लई. भ्याला पायजेच." त्यांनी बशीतलं बिस्कीट उचललं आणि तिच्या कानाजवळ नेऊन मोडलं. "आवाज तर ऐक. आवाजानं पोट दुखत न्हाई."

ती हसली. अण्णांनी पेल्यात दूध घेतलं आणि उरलेला तुकडा त्यात धरून बसले. धरून बसले, धरून बसले, आणि तो तुटून आत पडला. ईराच्या तोंडून निघून गेलं, "बुडालं!" मग तिलाच लाज वाटली, एवढी मोठी घोडी होऊन काय हे. अण्णांनी चमच्यानं काढून खाल्लं. गाडीत बसताना ती मान बाहेर काढून म्हणाली, "पुढच्या वेळी खाईन अज्जा. नक्की. प्रॉमिस."

गाडी वळणाआड गेली तरी अण्णा फाटकात उभे होते. मला वाटलं, खचले असतील. काय बोलावं याची जुळवाजुळव करत मी जवळ गेले, तर त्यांचा चेहरा उजळलेला. "ऐकलासा न्हवं अक्का? पोरीनं शब्द दिलाय."

ती पुढची वेळ आली नाही. मुलाला कंपनीनं कॅनडात पाठवलं. आधी थोड्या काळासाठी, मग मुक्काम वाढत गेला. फोनवर ईरा दिसायची, कधी जेवताना, कधी शाळेच्या गडबडीत. तिकडं दुकानात तिच्यासाठी पाव मिळतो, बिस्किटंसुद्धा, असं तिनं आनंदानं सांगितलं. अण्णाही आनंदानं ऐकून घेत. फोन ठेवल्यावर घरघंटी सुरू करत. दर आठवड्याला ताजं आदण. जुनं मी न्यायचं, शाळेत शिक्षकांच्या खोलीत वाटायचं. नेताना रिकामा डबा मात्र परत आणायचा नाही, कारण तो बाहेर जाऊन आलेला असायचा.

गेल्या होळीला मी पुरणपोळ्या केल्या. एकटीच्या स्वयंपाकाला पुरण घालणं म्हणजे खरं तर वेडेपणा. का कोण जाणे, एक पोळी ताटलीत घातली आणि समोरचं दार वाजवलं. अण्णा फार वाळले होते त्या दिवसांत. मी उंबऱ्याच्या बाहेर राहून म्हटलं, "अण्णा, आत आणत नाही. पण आता घरात कोण आहे? सण आहे. एक घास खा."

ते नेहमीसारखे हात पसरून ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी ताटलीकडं बघितलं. मग विचारलं, "कुठल्या पोळपाटावर लाटलीसा?"

"काकूंच्या."

अण्णा बाहेर आले. मागं वळून दार नीट ओढून घेतलं, कडी लागली का बघितलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसले. ताटली गुडघ्यांवर घेतली. मी तूप आणून वाढलं आणि वरच्या पायरीवर बसले. पहिला घास त्यांनी तोंडात घातला आणि डोळे मिटले. किती वर्षांनी गहू खात होता तो माणूस. चावत होते, हळूहळू. खाली जाधव वहिनींच्या दारात पोरं टिमक्या वाजवत होती. अण्णांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

पोळी संपली. ताटलीतला शेवटचा कणसुद्धा त्यांनी बोटानं टिपून खाल्ला. मी म्हटलं, "आणखी आणू?" त्यांनी मान हलवली. उठून बादलीपाशी गेले, तांब्यानं पाणी घेतलं, चूळ भरली. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून बघितलं, दाणा लागतोय का ते. मन भरलं नाही. परत साबण लावला, परत धुतले. धोतराचा सोगा झटकला.

"आता कशाला एवढं, अण्णा?" मी म्हटलं.

"असं कसं अक्का? पोरगी म्हटलीया, पुढच्या बारीला खाईन. कवा यील सांगता येतंय व्हय?"

त्यानंतरही ते मला दिसत होते. गच्चीवर, फाटकात, शेवटी दवाखान्यातही. पण अण्णा म्हटलं की मला दिसतं ते एवढंच. धुतलेले ओले हात पुढं धरून, कशाला लागू न देता, त्यांनी कडी मनगटानं काढली, दार कोपरानं ढकललं आणि आत गेले. मी रिकामी ताटली घेऊन पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं आतून घरघंटी सुरू झाल्याचा आवाज आला.